माळ्यावरच्या रिव्हॉल्व्हरचं मोल

काळा घोड्याजवळ 'आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग' नावाची एक देखणी जुनी इमारत आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत आपलं दुकान उघडलं आणि साहेबाला हिंदुस्थानात लागेल ते सगळं तिथे मिळू लागलं. त्यात रिव्हॉल्व्हरही होती. विकायच्या हत्यारावर दुकान आपलं नाव घालून घेई. म्हणून एखाद्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' अशी अक्षरं दिसली की घरातलं कुणीतरी ठासून सांगतं, "ही लष्करातली बंदूक." तसं नसतं. ते दुकान होतं, आणि त्याने रिव्हॉल्व्हर स्वतः कधी बनवलं नाही. तो माल बरेचदा बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा असे.

स्वस्तातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची ओळख पटवताना माणूस पहिल्यांदा इथेच फसतो. नळीवरचं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. ते विकणाऱ्याचं असेल, ज्याची नक्कल केली त्याचं असेल, किंवा गिऱ्हाइकाला भुरळ पाडायला ठेवलेलं निव्वळ एक भपकेदार नाव असेल. ज्या कारखान्यांनी अशी हत्यारं हजारोंनी काढली त्यांतले बहुतेक केव्हाच बंद पडले. विचारायला कुणी उरलेलं नाही, तेव्हा हत्याराच्या अंगावर जे ठोकलेलं आहे तेवढंच वाचायचं.

उपनगरात हा प्रश्न आज का पडावा? पुनर्विकासामुळे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतले जुने बंगले आणि दोन-तीन मजली इमारती रिकाम्या होतात, तेव्हा पन्नास-साठ वर्षं कुणी न उघडलेल्या ट्रंका माळ्यावरून खाली येतात. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. तोवर साष्टीचा हा सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यात मोडत होता. वस्ती विरळ आणि बोरिवलीचं जंगल हाकेच्या अंतरावर. खोत, जंगलाचे ठेकेदार, वाडीवाले, रेल्वेतले अधिकारी अशा कुणाकडे परवान्याचं एखादं हत्यार असणं यात नवल काही नव्हतं. परवाना घेणारा गेला, परवान्याचं पुस्तक हरवलं, हत्यार मात्र चामड्याच्या म्यानात तसंच राहिलं.

असं काही सापडलं तर ते हातात घेऊन घोडा ओढून पाहू नका. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं भरलेलीच राहिलेली असतात, ही जगभरच्या संग्राहकांची नित्याची तक्रार आहे. स्वस्त मालात तर घोडा काडतुसावर टेकू नये म्हणून पुढे बसवली गेलेली सोयही नसते. हत्यार खाली पडलं तरी बार उडू शकतो. ट्रंक आहे तशी ठेवावी, हात न लावता मोबाइलवर दिसेल तेवढ्याचे फोटो काढावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करावा. पिशवीत घालून रिक्षाने ठाण्यात नेण्याचा सज्जनपणा करू नये. वाटेत कुणी अडवलं तर तुमचा हेतू पिशवीवर लिहिलेला नसतो.

ओळखीकडे वळण्याआधी थोडा इतिहास हवा. एवढी स्वस्त रिव्हॉल्व्हरं आली कुठून? १८५५ मध्ये रोलिन व्हाइट नावाच्या अमेरिकनाने आरपार भोकं असलेल्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. धातूचं काडतूस मागून भरायचं तर अशी भोकं लागतातच. पेटंटच्या वापराचा हक्क स्मिथ अँड वेसनने आपल्याकडे घेतला आणि अमेरिकेतल्या बाकीच्यांना त्या वाटेने जाऊ दिलं नाही. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि बांध फुटला. मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटमधल्या लहान-मोठ्या कारखान्यांनी ओतीव लोखंडाच्या चौकटीची, निकेलचा मुलामा दिलेली, खिशात मावणारी रिव्हॉल्व्हरं काढायचा सपाटा लावला. कारखानदार एकच, पण हार्डवेअरच्या प्रत्येक व्यापाऱ्यासाठी नाव निराळं: 'रेड जॅकेट', 'डिफेंडर', 'ट्रॅम्प्स टेरर'. म्हणजे भटक्यांचा कर्दनकाळ! पुढे अमेरिकन संग्राहकांनी या सगळ्या जातीला 'सुइसाइड स्पेशल' असं कुत्सित नाव दिलं.

त्यातल्या त्यात बऱ्या मालाची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. वूस्टरचे हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि आयव्हर जॉन्सन, दोघांचीही सुरुवात १८७१ ची. आयव्हर जॉन्सन हा मूळचा नॉर्वेचा. त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर घुबडाचं डोकं असतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. नॉर्विचचे हॉपकिन्स अँड अ‍ॅलन पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडाले. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचा मूळ कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, आयव्हर जॉन्सन १९९० च्या दशकात. या मालाच्या नळीवर किंवा चौकटीवर इंग्रजीत तारखा असतात आणि त्या वाचून लोक हत्याराचं वय ठरवतात. पण त्या पेटंटच्या तारखा. १८८७ ची तारीख असलेलं हत्यार १९१० मध्येही बनलेलं असू शकतं. आयव्हर जॉन्सनच्या बाबतीत १९०९ हे वर्ष महत्त्वाचं आहे: त्या वर्षापासून त्यांनी बिनधुराच्या दारूसाठी मजबूत केलेलं, आत गुंडाळी-स्प्रिंगा असलेलं मॉडेल काढलं. त्याआधीचा माल काळ्या दारूचा. दोन्हींत काडतूस एकाच मापाचं बसतं, आणि जुन्या हत्यारात नवं काडतूस घालणाऱ्याचा हात जाऊ शकतो.

आपल्याकडे सापडणारं हत्यार मात्र अमेरिकेपेक्षा इंग्लंड किंवा बेल्जियममधून आलेलं असण्याचा संभव जास्त. आणि इथे वाचणाऱ्याच्या मदतीला येतात ते चाचणीचे ठसे. युरोपात हत्यार विकण्याआधी ते सरकारमान्य चाचणीघरात नेऊन जास्त दारूचा बार काढून बघत. टिकलं तर नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यावर बारीक ठसा मारत. कारखानदार आपलं नाव लपवील, खोटं लिहील, पण या ठशाच्या वाटेला सहसा जात नसे. तो गुन्हा होता. भिंगातून पाहिलं तर पाव इंचाच्या जागेत देश आणि अदमासे काळही कळतो.

मुकुट आणि त्याखाली 'बीपी' किंवा 'बीव्ही' ही अक्षरं असली तर बर्मिंगहॅम. हे चाचणीघर १८१३ मध्ये सुरू झालं. लंडनचा ठसा त्याहून जुन्या परंपरेचा, 'जीपी' अक्षरं एकमेकांत गुंफलेली. लंबगोलात 'ई-एल-जी' आणि खाली तारा असेल तर बेल्जियममधलं लिएज शहर. या लंबगोलावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतरचं, मुकुट नसेल तर आधीचं. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी जुन्या बेल्जियन मालातल्या निम्म्या शंका मिटतात. मुकुटाखाली वेगवेगळी 'बी', 'यू', 'जी' अक्षरं जर्मन मालावर असतात. विलायतेत आणून पुन्हा तपासलेल्या परदेशी मालावर कधी इंग्रजीत सरळ 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का सापडतो. इंग्रज माणूस गिऱ्हाइकाला सावध करतो की शेजाऱ्याच्या मालाला नाक मुरडतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लिएजची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. तिथे एका छपराखाली सगळं बनवणारे मोठे कारखाने थोडे आणि घरोघरी काम करणारे कारागीर फार. एक जण नळ्या करी, दुसरा सिलिंडर, तिसरा घोडा आणि चाप. जोडून, घासून, चाचणीघरात नेऊन विकणारा आणखी कुणी. अशा मालावर बनवणाऱ्याचं नाव शोधायचं तरी कुणाचं? म्हणून शेकडो बेल्जियन रिव्हॉल्व्हरांवर ठशाखेरीज काहीच नसतं, आणि काहींवर असतं ते वेब्लीच्या नावाशी जवळीक साधणारं काहीतरी. वेब्लीने १८७२ मध्ये 'ब्रिटिश बुलडॉग' नावाचं आखूड नळीचं, जाड गोळीचं, खिशातलं रिव्हॉल्व्हर काढलं. ते इतकं चाललं की बेल्जियम, स्पेन, अमेरिका सगळीकडे त्याच्या नकला झाल्या आणि 'बुलडॉग' हे एका जातीचंच नाव झालं. नुसतं 'ब्रिटिश बुलडॉग' असं लिहिलेलं, वेब्लीची पंख असलेल्या गोळीची खूण नसलेलं, वर 'ई-एल-जी' ठसा असलेलं हत्यार हे लिएजमधलंच.

स्पेनमधल्या एइबारच्या कारागिरांची तऱ्हा आणखी मजेशीर. ते स्मिथ अँड वेसनची हुबेहूब नक्कल करत आणि नळीवर असं काही लिहीत की त्यात 'स्मिथ अँड वेसन' हे शब्द मोठ्या अक्षरांत यावेत, पण अर्थ एवढाच निघावा की यात त्यांची काडतुसं चालतात. इंग्रजी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकापुढे वकिली सफाईने केलेली ही लबाडी आजही लोकांना फसवते. पण सगळा स्पॅनिश माल टाकाऊ होता असंही म्हणता येणार नाही: पहिल्या महायुद्धात रिव्हॉल्व्हर कमी पडली तेव्हा ब्रिटिश सैन्याने एइबारच्या कारखान्यांकडून .४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरं विकत घेतली होती.

नकलेची तिसरी तऱ्हा आपल्या उपखंडातली. खैबर खिंडीजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये हाताने घडवलेली वेब्लीची रूपं लांबून अस्सल वाटतात. जवळ जाऊन अक्षरं वाचली की इंग्रजी 'एन' उलटा दिसतो, एखादं अक्षर गाळलेलं असतं, मुकुट वाकडा असतो. न वाचता येणाऱ्या लिपीचं चित्र काढलं की असंच होतं.

नाव आणि ठसा नाही वाचता आला तर बांधणी बघावी. सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक कप्प्याशी बारीक खाच असेल तर ते पिनफायर. काडतुसाच्या बुडातून बाजूला बाहेर आलेली टाचणी त्या खाचेत बसे. युजीन लफोशोचं असं रिव्हॉल्व्हर फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये घेतलं आणि लिएजने त्या धर्तीचा ढीगभर माल जगात पाठवला. चौकट अखंड आणि उजवीकडे काडतूस भरायला छोटी झडप असेल तर बुलडॉगच्या पिढीचं. बिजागरीवर मधोमध मोडून रिकामी काडतुसं एकदम बाहेर टाकणारं असेल तर साधारण १८७० नंतरचं. वेब्ली आणि आयव्हर जॉन्सन दोघांचीही ही आवडती रचना.

आणखी एक खूण मात्र निव्वळ हौसेपुरती नाही. सरकारी मालमत्तेवर ब्रिटिश लोक रुंद बाणाचा ठसा मारत; हिंदुस्थानी सैन्याच्या मालावर त्या बाणासोबत 'आय' अक्षर असे. सैन्यातून निकाली काढून रीतसर विकलेल्या हत्यारावर दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले असतात. एकटा बाण असेल तर ते हत्यार घरात आलं कसं, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो पोलिसांनाही पडेल.

आता किंमत. अमेरिकेतला पुतण्या फोटो बघून रात्रीच सांगतो, "काका, इथे असल्याला दीडशे डॉलर मिळतात." तो खोटं बोलत नाही. आयव्हर जॉन्सन किंवा हॉपकिन्स अँड अ‍ॅलनची साधी रिव्हॉल्व्हरं तिथे शंभर-दोनशे डॉलरच्या आसपासच जातात. सव्वाशे वर्षांची वस्तू आणि एवढीच किंमत? पण वय हा किमतीचा फार दुबळा आधार आहे. हे हत्यार बनलं तेव्हाच स्वस्त होतं आणि लाखोंनी बनलं होतं. १९०१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेलं .३२ बोअरचं आयव्हर जॉन्सन मारेकऱ्याने साडेचार डॉलरला घेतलं होतं. त्याआधी १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती बुलडॉग जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. इतिहास त्या दोन नगांचा झाला, त्यांच्या भावंडांचा भाव काही वाढला नाही.

तीच गत आपल्या घराण्यांतल्या कथांची. जुनं हत्यार निघालं की ते कुणा क्रांतिकारकाचं होतं, अशी आठवण घरात कुणाला तरी हमखास येते. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. १९३१ मध्ये वासुदेव बळवंत गोगटे यांनी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडलं. ही प्रकरणं कोर्टात गेली, हत्यारं पुराव्यात दाखल झाली, कागद झाले. संग्राहक पैसे मोजतो ते अशा कागदाला: परवान्याचं पुस्तक, दुकानाची पावती, हत्यारावरचा क्रमांक असलेलं पत्र. कागद नसलेली कथा घरातल्यांनी जपावी, भावात तिला धरू नये.

मग किंमत ठरते कशावर? मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे, चौकट, नळी आणि सिलिंडरवरचे क्रमांक जुळतात का, लाकडी किंवा रबरी मूठ मूळचीच आहे का, यावर. आणि इथे मुंबईची हवा वैरी ठरते. चार महिने पावसाची ओल, बाकी दिवस खारा वारा; त्यात हत्यार ठेवलेलं चामड्याच्या म्यानात. कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं लोखंड खातात. म्यानात 'सुरक्षित' ठेवलेलं हत्यार उघड्यावरच्यापेक्षा जास्त गंजलेलं निघतं ते यामुळे. उरलंसुरलं काम घरातलं हौशी माणूस पॉलिश पेपर घेऊन करतं. चकचकीत घासलेलं जुनं रिव्हॉल्व्हर संग्राहकाच्या दृष्टीने संपलं: ठसे पुसट झाले, मूळ रंग गेला.

हे सगळं जगाच्या बाजाराचं झालं. अंधेरी-बोरिवलीत या हिशोबाच्या वर आणखी एक हिशोब बसतो, आणि तोच शेवटचा. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार कायद्याने 'पुरातन' आणि बरंचसं मोकळं. इंग्लंडमध्ये १९९७ पासून हॅंडगनवर जवळपास बंदी आहे, पण ज्या बोअरची काडतुसं कालबाह्य ठरली आहेत अशी जुनी हत्यारं शोभेची वस्तू म्हणून ठेवता येतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात वर्षाची रेघ नाही आणि काडतूस बाजारात मिळतं की नाही याचाही प्रश्न नाही. कलम ४५ मधली सूट फक्त अशा जुन्या, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. 'दुरुस्ती करूनही' हे दोन शब्द निर्णायक आहेत. स्प्रिंग तुटली आहे, घोडा अडकला आहे, पिनफायरची काडतुसं शंभर वर्षांत कुणी पाहिली नाहीत, यातलं काहीही पुरेसं नाही. हत्यार चालू शकतं का, हे आपण किंवा शेजारचे निवृत्त सुभेदार ठरवत नाहीत. गुन्ह्यात जप्त झालेली हत्यारं या तपासणीसाठी सांताक्रूझच्या कलिन्यातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि तिथला तज्ज्ञ अहवाल देतो.

बोअरचाही पेच आहे. ब्रिटिश काळापासून सैन्याची काडतुसं ज्यात बसतील असं हत्यार सामान्यांना निषिद्ध. म्हणून .३८० आणि .४५५ च्या लष्करी काडतुसांची रिव्हॉल्व्हरं 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतात आणि नागरिकांच्या परवान्यावर मुख्यतः .३२ दिसतं. पहिल्या महायुद्धातलं दणकट वेब्ली मार्क सहा माळ्यावर निघालं तर संग्राहक म्हणून मन हरखेल, पण त्याचा परवाना स्थानिक पातळीवर मिळण्यातला नाही आणि विनापरवाना बाळगण्याची शिक्षा साध्या बोअरपेक्षा कितीतरी कडक आहे.

या कायद्यातून भावाची एक उलटी दुनिया तयार झाली आहे. परदेशी हत्यारांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. म्हणजे आधी आलेला विलायती माल तेवढाच. त्यामुळे चांगल्या स्थितीतलं, परवान्यावर नोंदलेलं .३२ वेब्ली परवानाधारकांमध्ये लाखांत जातं. तुलनेला, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे नवं .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आणलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. आणि कानपूरचं त्याआधीचं .३२ रिव्हॉल्व्हर हे मुळात वेब्लीच्याच आराखड्यावरचं. जुन्या वेब्लीला मिळणारे हे पैसे वस्तूच्या प्राचीनतेचे नाहीत, बंद दाराचे आहेत. तेच वेब्ली परवान्याविना असेल तर त्याची किंमत शून्य नाही, शून्याखाली आहे. गंजलेलं बेल्जियन बुलडॉग तर परवाना असूनही कुणी घेणार नाही. बर्मिंगहॅमचा वेब्ली अँड स्कॉटचा कारखाना २००५ मध्ये बंद पडला, पण नावाला एवढी ओढ होती की २०२० मध्ये उत्तर प्रदेशात हरदोईजवळच्या संडीला इथे एका भारतीय कंपनीबरोबर त्याच नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर पुन्हा निघू लागलं. यापुढे नुसतं 'वेब्ली' वाचून जुनं समजायची सोयही गेली.

वारसांसाठी वाट आहे, ती अरुंद आहे. परवानाधारक वारला तर वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतही ते वारसाकडे देता येतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. वडिलोपार्जितही त्यात धरली जातात. मुंबईत, उपनगरांसह, परवाना देणारे पोलीस आयुक्त. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे पुतण्याचे दीडशे डॉलर तिथेच राहतात.

जमा करताना मात्र वर शिकलेलं सगळं उपयोगी पडतं. पंचनाम्यात किंवा पावतीवर 'एक जुने गंजलेले रिव्हॉल्व्हर' एवढंच लिहून घेऊ देऊ नका. मोबाइलमधले फोटो समोर ठेवून विनंती करा: नळीवरची अक्षरं जशी आहेत तशी, सिलिंडरवरचा ठसा, मुकुट आहे की नाही, क्रमांक असेल तर चौकटीवरचा आणि सिलिंडरवरचा वेगवेगळा, कप्पे पाच की सहा, मुठीवरची खूण, आत काडतुसं होती का आणि किती. सोबत आजोबांच्या परवान्याचा जुना क्रमांक कुठल्या कागदावर सापडला तर त्याची प्रत जोडा. पुढे परवान्याचा अर्ज करा, विक्रेत्यामार्फत विका किंवा संग्रहालयाला देऊ करा. हे वर्णन नसेल तर मालखान्यातल्या तशाच दहा गंजलेल्या नगांतून आपलं कोणतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.